चेनचे फाजील लाड

डर्ट बाइकची चेन कशाने मरते, असं चार बाइकवाल्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: चिखल, पाणी, दगडधोंडे, आणि हल्लीच्या मालात पूर्वीसारखा दम नाही. पाचवं कारण कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्याच हातात त्या वेळी पाना असतो. 2019 साली हीरोची एक्सपल्स 200 आली आणि ज्यांना मातीत गाडी घालायची हौस होती पण परदेशी गाडीची ऐपत नव्हती, अशा पुष्कळांच्या दारात उंच, लांब सस्पेन्शनची गाडी उभी राहिली. 2025 मध्ये केटीएमची 390 एन्ड्युरो आर आल्यावर त्या हौसेत भर पडली. शनिवारी गाडी मावळातल्या चिखलात किंवा कोकणातल्या लाल मातीत लोळून येते आणि रविवारी मालक सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून तिच्या डाव्या अंगाला बसतो. ही बैठक लांबून न्याहाळल्यावर माझं मत असं झालं आहे की चेनला मातीत जेवढी इजा होते, तिच्याहून मोठी इजा या गोणपाटावर होते. हयगयीने मरणाऱ्या चेनही असतात, त्यांचा विचार पुढे करूच. पण हौशी माणसाची चेन बहुधा लाडाने मरते.

मुळात चेन ही फार सोशिक वस्तू. हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस गृहस्थाने मँचेस्टरमध्ये 1880 साली बुश आणि रोलरवाल्या चेनचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून तिच्या घडणीत मूलभूत बदल करावा असं फारसं कुणाला वाटलेलं नाही. दोन पट्ट्या, त्यांतून जाणारी पिन, पिनेवर बुश, बुशवर फिरणारा रोलर, संपलं. अडीचशे ते साडेचारशे सीसीच्या डर्ट बाइकला साधारणपणे 520 नंबरची चेन असते. त्यातला 5 म्हणजे पाच अष्टमांश इंच, अर्थात एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 15.875 मिलिमीटर. अशी 118 कड्यांची चेन धरली तर तिच्यात 118 पिना, आणि चेन ओ-रिंगवाली असेल तर प्रत्येक पिनेला दोन्ही अंगांना एकेक याप्रमाणे 236 रबरी रिंगा. कारखान्यात पिनेभोवती भरलेलं ग्रीस आत ठेवायचं आणि बाहेरची माती बाहेर, एवढंच त्या रिंगांचं काम. म्हणजे चेनच्या खऱ्या वंगणाची सोय गाडी शोरूममध्ये येण्याआधीच झालेली असते. मालकाने बाहेरून जे फासायचं ते रिंगा कोरड्या पडू नयेत, रोलरला ओलावा राहावा आणि पट्ट्यांना गंज चढू नये, एवढ्यासाठीच. इथेच सगळं बिनसतं. आपल्यावाचून ज्याचं फारसं अडत नाही, असं यंत्र घरात असणं मराठी माणसाला मानवत नाही.

म्हणून धुलाई सुरू होते. प्रेशर वॉशरची नळी चेनपासून वीतभर अंतरावर धरून कडीन्‌कडी पांढरी होईपर्यंत पाण्याचा मारा केला जातो. ज्या रिंगांनी अख्खा शनिवार चिखल बाहेर थोपवून धरला, त्यांना एवढ्या जोराच्या पाण्यापुढे हार मानावी लागते. पाणी आत, ग्रीस बाहेर. पाण्याने समाधान झालं नाही तर पेट्रोल येतं, ज्याने रबर खराब होतं. पेट्रोलनेही झालं नाही तर तारेचा ब्रश येतो, ज्याने उरलंसुरलं रबर कापलं जातं. बहुतेक जाणकार रॉकेल सुचवतात, पण रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही आणि डिझेलला वास येतो, त्यामुळे हा भाग वादग्रस्त राहतो. मऊ ब्रशाबद्दल मात्र दुमत नाही, आणि तो घरातच मिळतो. "अहो, हा टूथब्रश कुठून घेतलात?" "जुनाच होता." "जुना तो निळा. हा माझा." तोवर सेक्रेटरी खाली आलेले असतात. "पार्किंगमध्ये तेल सांडायचं नाही असा ठराव झालाय." "तेल नाही काका, हे चेन क्लीनर आहे." "ठरावात 'कोणताही द्रवपदार्थ' असे शब्द आहेत." या सगळ्यातून चेन चकचकीत होते यात शंका नाही. पण ओ-रिंगवाल्या चेनची चकाकी ही तिच्या तब्येतीची खूण नव्हे. आत ग्रीस आहे की पाणी, ते वरून दिसत नाही. माणसाला मात्र वरून दिसतं तेवढंच धुता येतं, आणि शेजाऱ्यालाही तेवढंच दाखवता येतं.

धुतल्यावर तेल. तेल घालण्याची योग्य रीत इतकी कंटाळवाणी आहे की ती लोकप्रिय होणं शक्यच नाही. फेरी मारून आल्यावर चेन कोमट असताना, चाक हाताने फिरवत, चेनच्या आतल्या बाजूने थोडंसं तेल सोडायचं, म्हणजे ते फिरताना बाहेरच्या दिशेला पसरतं. काही मिनिटं थांबायचं आणि वरचं पुसून टाकायचं. कित्येक गाड्यांच्या पुस्तकात यासाठी 80 किंवा 90 नंबरचं साधं गिअर ऑइल चालेल असं छापलेलं असतं. पण स्वस्त वस्तूने केलेली सेवा मनाला लागत नाही. म्हणून महागड्या स्प्रेचा डबा आणायचा, त्याची लाल नळी हरवायची, आणि नळीविना जो फवारा उडतो त्यात चेन, रिम, टायर आणि शेजारच्या स्कूटरचा पाय ठेवायचा भाग न्हाऊ घालायचा. पुसायचं मात्र नाही, कारण पुसलं तर पैसे वाया. पुढच्या शनिवारी हे चिकट चिलखत घातलेली चेन धुळीच्या रस्त्याला लागते. तेलात बारीक वाळू मिसळली की तयार होतं ते गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला विकत आणतात. इथे ते फुकट मिळतं आणि स्प्रॉकेटचे दात घासतं. याच्या उलट टोकाला जळक्या ऑइलचा पंथ आहे. "आमच्या वडिलांनी राजदूतला जन्मभर जळकंच घातलं, काय झालं?" असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. झालं काही नाही, कारण त्या काळच्या साध्या चेनला ओ-रिंगा नव्हत्या आणि वडील राजदूत घेऊन कचेरीत जात होते, ओढ्यातून नव्हे. इंजिनातून काढलेल्या तेलात धातूचा बारीक कीस आणि काजळी असते. इंजिनाने जे टाकून दिलं ते चेनला प्रसाद म्हणून द्यायचं, यात काटकसर आहे, पण तर्क नाही.

या सेवेचा एक प्रकार विनोदाच्या पलीकडचा आहे, तो इथेच सांगून टाकतो. चाक हाताने फिरवायचा कंटाळा म्हणून गाडी स्टँडवर चढवायची, इंजिन चालू करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनला चिंधी लावायची. चेन आधी चिंधी घेते, मग बोट. स्प्रॉकेटमध्ये बोटं गमावलेली माणसं जगात सगळीकडे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना चेन स्वच्छच हवी होती. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांना बहुधा किल्लीच नसते, तेव्हा "किल्ली काढून ठेवा" हा सल्लाही तिथे पुरत नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हाताने चाक.

आता मुख्य गुन्ह्याकडे येऊ. तो म्हणजे ताण. रस्त्यावरच्या साध्या गाडीला चेनची ढिलाई अडीच-तीन सेंटिमीटर असली की पुष्कळ होतं. डर्ट बाइकचं मागचं चाक मात्र खड्ड्यात आणि उडीनंतर वरखाली खेळतं. शर्यतीच्या गाड्यांत हा खेळ तीनशे मिलिमीटरच्या आसपास असतो. स्विंगआर्म वर जाऊ लागला की पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर वाढत जातं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा सांधा व एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात तंग होते. त्या क्षणासाठी तिच्यात आधीच ढिलाई शिल्लक ठेवावी लागते, म्हणून या गाड्यांना पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत झोळ सांगितलेला असतो. गाडी स्टँडवर, चाक अधांतरी, आणि चेन अशी सैल लोंबताना दिसली की पाहणाऱ्याला राहवत नाही. आपल्याकडे दुचाकीस्वाराला वाटेत अनोळखी माणसं तीन गोष्टी हमखास सांगतात: साइड स्टँड खाली आहे, हेडलाइट चालू आहे आणि चेन ढिली आहे. हेडलाइट आता कायद्यानेच कायम चालू असतो, त्यामुळे सगळा जोर चेनवर आला आहे. आजाऱ्याला भेटायला आलेल्या नातेवाइकांप्रमाणे पार्किंगमधून जाणारा प्रत्येक जण उभ्याउभ्या एक उपाय सांगून जातो. "लोंबतेय हो चेन." "पुस्तकात एवढीच सांगितलीय." "पुस्तक परदेशातल्या रस्त्यांसाठी असतं, आपल्याकडे थोडी टाइटच बरी." मालक अर्धा आटा फिरवतो. संध्याकाळी दुसरा जाणकार येतो, आणखी अर्धा. सोमवारपर्यंत चेनची तार झालेली असते, आणि पुढच्या उडीनंतर गाडी जमिनीवर आपटते तेव्हा जी ढिलाई चेनमध्ये असायला हवी होती ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला द्यावी लागते. तिथला सील गळायला लागतो, मग बेअरिंग कुरकुरतं, आणि ते बदलायला बहुतेक इंजिनं पुरती उघडावी लागतात. ढिल्या चेनने फार तर खडखडाट केला असता. अति ढिली झाली तर ती स्प्रॉकेटवरून उतरते हेही खरं. पण उतरलेली चेन बसवायला डोकं लागतं, तुटलेलं बेअरिंग बदलायला कर्ज.

"मग मोजून ताण लावला तर?" हा आक्षेप रास्त आहे, आणि मोजण्याच्या विरोधात मी नाही. अडचण अशी की मोजण्यातही उत्साह शिरतो. झिजलेली चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत तिची सगळ्यात तंग जागा शोधून तिथे मोजायचं असतं. उत्साही माणूस सगळ्यात ढिल्या जागी मोजतो, कारण तिथे काम निघतं. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या दिसल्या की चाक सरळ आहे असं तो मानतो. त्या खुणा अंदाजापुरत्या असतात, मागून चेनच्या रेषेत डोळा लावून बघणं त्याहून भरवशाचं. शिवाय सगळं जुळवून एक्सलचा नट आवळला की चाक केसभर सरकतं आणि ताण बदलतो. त्यावर उपाय साधा आहे: मागच्या स्प्रॉकेट आणि चेनमध्ये चिंधीची घडी अडकवून चाक हाताने मागच्या दिशेला फिरवायचं, म्हणजे एक्सल अॅडजस्टरला टेकून राहतो, आणि मग नट आवळायचा. या नटाला किती जोर लावायचा तेही पुस्तकात लिहिलेलं असतं, शर्यतीच्या कित्येक गाड्यांना 80 न्यूटन-मीटरच्या आगेमागे. आपल्याकडे त्याचं भाषांतर "पान्याला पाइप लाव आणि उभा राहा" असं होतं. तीन बोटांचा एक सोपा नियमही सांगतात, की चेनखालचा प्लास्टिकचा स्लायडर संपतो तिथे चेन आणि स्विंगआर्मच्या मध्ये तीन बोटं बसली पाहिजेत. नियम उपयोगी आहे; फक्त बोटं एकाच माणसाची असावीत आणि मोजणीच्या मध्येच व्यायामशाळेत जाणाऱ्या भावाला बोलावू नये.

अखेर ती मरते. चेन लांबते असं आपण म्हणतो, पण पट्ट्या काही रबराच्या नसतात. पिन आणि बुश एकमेकांना घासून झिजतात आणि प्रत्येक जोडात थोडी मोकळीक येते. जोडामागे एक दशांश मिलिमीटर धरला तरी 118 जोडांचे जवळजवळ बारा मिलिमीटर होतात. 520 चेनच्या वीस कड्या नव्या असताना 317.5 मिलिमीटर भरतात. त्या 323 च्या आसपास भरल्या की चेन बदलावी. फूटपट्टीने हे मिनिटभरात कळतं. पण फूटपट्टी लावली तर कदाचित "अजून चालेल" असं उत्तर येईल आणि नवी सोनेरी चेन घ्यायचं कारण हातचं जाईल, म्हणून हा तपास सहसा नव्या चेनचं पार्सल आल्यावर होतो. आणि एरवी उतू जाणारा उत्साह नेमका इथेच आटतो: फक्त चेन आणली जाते. "स्प्रॉकेट अजून बरे आहेत." दात आकडीसारखे एका बाजूला झुकलेले असतात, तरी बरे. झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही आणि जुन्याच्या हिशोबाने भराभर झिजते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बरोबर बदलायचे असतात हे मेकॅनिक सांगतो तेव्हा तो आपल्याला लुटतोय असं वाटतं, आणि सहा महिन्यांनी तेच सांगतो तेव्हा खात्रीच पटते.

बदलण्याचा सोहळा तर कामांचा क्रम उलटा लावला की किती सुंदर गोंधळ होतो याचा नमुनाच. पुढच्या स्प्रॉकेटचा नट सैल करायचा तो जुनी चेन चढलेली असताना, मागचा ब्रेक दाबून. म्हणजे स्प्रॉकेट फिरत नाही. पण ग्राइंडर भाड्याने आणलेला असतो आणि ठिणग्यांचा व्हिडिओ काढायला पुतण्या तयार असतो, म्हणून आधी चेन कापली जाते. मग नट फिरवला की स्प्रॉकेटही त्याच्याबरोबर फिरतं, आणि घरातले सगळे स्क्रू ड्रायव्हर एकेक करून त्यात अडकवून वाकवले जातात. जुन्या चेनच्या शेपटाला नवी जोडून ओढली असती तर नवी आपोआप जागेवर आली असती. जुनी आता कचऱ्यात असते. नवी चेन 120 कड्यांची येते, गाडीला 118 लागतात, तेव्हा ती जुनीशेजारी ठेवून मापून कापायचं ठरतं. जुनी पुन्हा कचऱ्यातून काढली जाते. यातली गंमत अशी की पुरती झिजलेली चेन दोन टक्के लांबलेली असेल तर तिच्या अंगात सदतीस मिलिमीटर जास्तीचे असतात, म्हणजे दोन कड्यांहून अधिक. लांबीवरून मापणाऱ्याला म्हणूनच नवी चेन बरोबर वाटते आणि चढवल्यावर जास्त होते. कड्या मोजायच्या असतात, लांबी नव्हे. मोजताना शहात्तरावर कुणीतरी विचारतं, "चहा टाकू का?" आणि पुन्हा एकपासून सुरुवात होते. आकडा सम यायला हवा, कारण आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने येते. 117 निघाले तर चूक चेनची नसते. शेवटी लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी. त्याच्याबरोबर चार इवल्या ओ-रिंगा येतात. त्यांतली एक पार्किंगमध्ये पडते, आणि पार्किंगमध्ये पडलेली काळी ओ-रिंग आजवर कुणाला सापडल्याचं ऐकिवात नाही.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा, की मग चेन मेकॅनिककडेच का देऊ नये? घरी पैसे वाचतात हे उत्तर टिकत नाही. "मेकॅनिक किती घेतो रे?" आईने विचारावं. "तो काय, मजुरी घेतो." "आणि हा चेन कापायचा पाना केवढ्याला पडला?" "तो जन्मभर पुरतो." "मेकॅनिकही पुरतो की." हिशोब आईचाच बरोबर आहे. पण मेकॅनिक काही वेगळ्या ग्रहावरून आलेला नाही. नाक्यावरच्या गॅरेजात पिन काढायला छन्नी आणि हातोडाच निघतो, आणि "पुन्हा ढिली झाली म्हणून गिऱ्हाईक परत यायला नको" या सद्भावनेने चेन जरा जास्तच ताणली जाते. घरी केलेल्या कामाचा फायदा इतकाच की लॉक कुठल्या दिशेला बसलं ते माणसाने स्वतः पाहिलेलं असतं. रानात एकटं असताना चेन सुटली तर ही माहिती मजुरीपेक्षा मोलाची ठरते, आणि निव्वळ एवढ्यासाठी मी घरगुती कामाच्या बाजूने आहे.

दुसरा आक्षेप हयगयवाल्यांचा: लाडाने मरत असेल तर हातच लावू नये. असं मी म्हटलेलं नाही. ओली चेन पावसाळ्यात तशीच ठेवली तर पट्ट्यांवर सकाळी तांबूस गंज दिसतो, आणि गंजलेल्या कड्या ताठ होऊन स्प्रॉकेटवर नीट वळत नाहीत. पण हयगय करणाऱ्याची चेन मेली की कारण त्याला ठाऊक असतं. लाड करणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. तो पुढच्या चेनला आणखी महागडा स्प्रे आणतो. तिसरे येतात ते शर्यतीचा दाखला घेऊन: तिथे म्हणे प्रत्येक फेरीनंतर चेन उघडून बघतात. बघतातही. मोटोक्रॉसमध्ये घर्षण कमी व्हावं म्हणून कित्येकदा ओ-रिंग नसलेली चेन वापरतात, तिला तेल सतत लागतं आणि ती बदलायचीही लवकर असते; शिवाय चेनचं बिल बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी भरतं. लोणावळ्यापर्यंत जाऊन वडापाव खाऊन परतणाऱ्या गाडीला तो आहार झेपणारा नाही.

तेव्हा शनिवारी निघण्याआधी दोनच गोष्टी बघा. लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला असू द्या, म्हणजे फांदी किंवा दगड घासला तरी क्लिप उपटली जाणार नाही; आणि स्लायडरमागे तीन बोटं बसताहेत ना, ते बघा. बसत असतील तर पाना पेटीत टाका, आणि वाटेत कुणी "चेन ढिली आहे" म्हणून ओरडलंच तर हात हलवून पुढे चला.